वार्ता सर्वांची, जबाबदारी कोणाची?

शिरूर तालुक्यांतील कारेगांव हें एके काळीं ज्वारी-बाजरीचें साधें खेडें होतें. रांजणगांवची औद्योगिक वसाहत शेजारीं उभी राहिली आणि गांवाचें रूप पालटलें. गोठ्यांच्या जागीं खोल्यांच्या चाळी उठल्या, वाणसामानाचीं दुकानें वाढलीं, खानावळी निघाल्या, आणि मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओरिसापर्यंतचा मजूर पोटासाठीं येथें येऊन राहूं लागला. अशा या गांवांत ऑक्टोबर २०२४ मध्यें पुणें ग्रामीण पोलिसांनीं, मिळालेल्या गुप्त वार्तेवरून, २१ बांगलादेशी नागरिकांस पकडलें. परवान्यावांचून ते देशांत शिरले होते आणि आपल्यांतच खोल्या घेऊन राहत होते. त्यांतल्या कांहींजवळ तर आपल्याच सरकारचीं आधारकार्डें निघालीं.

त्यांच्यावरील आरोप बेकायदा प्रवेशाचा व वास्तव्याचा होता, घातपाताचा नव्हता, ही गोष्ट आरंभींच स्पष्ट सांगितली पाहिजे. भाकरीसाठीं सरहद्द ओलांडणारा मजूर आणि बॉम्ब घेऊन येणारा घातकी यांस एकाच मापानें मोजणें हा न्याय नव्हे, आणि शहाणपणही नव्हे. परंतु या प्रकरणानें जो प्रश्न उभा केला आहे तो त्या एकवीस जणांपुरता नाहीं. परक्या माणसास खोली देणाऱ्या मालकास त्याचें नांव ठाऊक असतें. कामावर घेणाऱ्या ठेकेदाराजवळ त्याची हजेरी असते. आधारकार्ड देणाऱ्या यंत्रणेजवळ त्याच्या बोटांचे ठसे असतात. मोबाईल कंपनीजवळ त्याचा क्रमांक असतो. एकाच माणसाचे असे चार तुकडे चार दप्तरांत पडलेले असतात, आणि ते जुळवून पाहणारा कोणी नसतो. उद्यां त्याच वाटेनें खरोखरीचा घातकी मनुष्य आला तर तो ओळखावा कोणीं?

हा प्रश्न काल्पनिक आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं पुण्यांतील जुलै २०२३ ची हकीकत आठवावी. कोथरूडमध्यें रात्रीच्या गस्तीवर असलेल्या पोलिस शिपायांनीं मोटारसायकल चोरण्याच्या बेतांत असलेले तिघे संशयित हटकले. त्यांतला एक पळाला. दोघे हातीं लागले. चौकशी होतां होतां असें निष्पन्न झालें कीं, हे दोघे साधे वाहनचोर नसून, राजस्थानांत मार्च २०२२ मध्यें सांपडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणांत राष्ट्रीय तपास यंत्रणेला हवे असलेले फरारी होते. त्यांच्यावर प्रत्येकीं पांच लाख रुपयांचें इनाम लागलेलें होतें. देशभर ज्यांचा शोध चालला होता ते इसम वर्षाहून अधिक काळ कोंढव्यांत बिऱ्हाड करून राहिले होते. पळालेला तिसरा इसम पुढें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिल्ली पोलिसांच्या हातीं आला. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. त्यावर आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु एक गोष्ट निर्णयाची वाट न पाहतां बोलतां येते. ज्या खात्यानें इनाम लावलें त्याच्या कागदांतून हे इसम सांपडले नाहींत. ते सांपडले एका दुचाकीच्या लोभामुळें आणि दोन शिपायांच्या जागरूकतेमुळें. त्या शिपायांचें जेवढें कौतुक करावें तेवढें थोडें. तथापि ज्या राज्यव्यवस्थेची सुरक्षितता चोराच्या लोभावर अवलंबून आहे तिनें स्वतःचें अभिनंदन करून घेऊं नये.

दहशतवादी कृत्य घडलें कीं दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. सामान्य माणूस म्हणतो, 'सरकारास कांहींच माहीत कसें नव्हतें?' आणि सरकारी माणूस म्हणतो, 'नेमकी वार्ता हातीं नव्हती.' आमच्या मतें हे दोन्ही उद्गार वस्तुस्थितीस सोडून आहेत. गेल्या तीन दशकांतील मोठमोठीं प्रकरणें एकामागून एक तपासून पाहिलीं तर असें आढळून येतें कीं, वार्ता बहुधा कोणाजवळ तरी होती. ज्याच्याजवळ ती असावयास हवी होती त्याच्याजवळ मात्र ती नव्हती, किंवा असून तिचें काय करावें हें कोणाच्याही कामांत लिहिलेलें नव्हतें. वार्तेचा दुष्काळ हा आमचा मुख्य रोग नव्हे. वार्तेला वाट नाहीं, आणि वाट अडविणाऱ्यावर जबाबदारी नाहीं, हा तो रोग आहे.

१९९३ पासून आरंभ करूं. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत जे बॉम्बस्फोट झाले त्यांत २५७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या कटाचीं शस्त्रें व स्फोटकें त्याच वर्षीं जानेवारी-फेब्रुवारींत रायगड जिल्ह्यांतील दिघी व शेखाडी येथें उतरविलीं गेलीं. तें आकाशांतून पडलेलें गूढ नव्हतें. माल वाहून नेणारीं वाहनें वाटेंत पोलिसांनीं अडविलीं होतीं, आणि लांच घेऊन तीं सोडून दिलीं, असें पुढें न्यायालयांत सिद्ध झालें. जकात खात्यांतील अधिकाऱ्यांसही शिक्षा झाल्या. सारांश, ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें त्यांनींच डोळे मिटले, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा तिसरा डोळा नव्हता. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली. गुन्हेगार, अधिकारी व राजकारणी यांच्या साटेलोट्यावर तिनें जो अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्यें दिला, त्यांत निरनिराळ्या खात्यांजवळील माहिती एकत्र करण्यासाठीं गृहखात्यांत एक मध्यवर्ती यंत्रणा हवी, ही सूचना होती. म्हणजे रोगाचें निदान तेव्हांच झालें होतें. औषधाची पुडी मात्र पुष्कळ वर्षें कपाटांतच राहिली.

पंधरा वर्षांनीं, २६ नोव्हेंबर २००८ रोजीं, पुन्हा समुद्राच्याच वाटेनें दहा घातकी मुंबईंत शिरले आणि १६६ लोकांचे बळी पडले. यापूर्वीं समुद्रमार्गें हल्ला होण्याचा संभव आहे, ताजमहाल हॉटेलास धोका आहे, अशा आशयाचे इशारे येऊन गेले होते. हॉटेलानें कांहीं काळ बंदोबस्त वाढविला आणि पुढें तो सैल पडला. हल्ल्याच्या कांहीं दिवस आधीं संशयास्पद गलबताची वार्ताही तटरक्षक दलापर्यंत पोंचली होती. शोध घेतला, पण गलबत सांपडलें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या राम प्रधान समितीनें २००९ मध्यें दिलेल्या अहवालांत, राज्याच्या पातळीवर आलेल्या इशाऱ्यांची छाननी व पुढील कार्यवाही यांत गोंधळ होता, असा स्पष्ट शेरा मारला आहे. ही गोष्ट आमच्यापुरतीच मर्यादित होती असेंही नाहीं. हल्ल्याच्या कटांतील एका प्रमुख इसमाच्या संगणकावर ब्रिटिश व भारतीय अशा दोन्ही हेरखात्यांची नजर होती, अमेरिकेजवळ तिसरीकडून आलेल्या सूचना होत्या, आणि हे तुकडे वेळेवर कोणीं जोडले नाहींत, असें २०१४ मध्यें अमेरिकन वृत्तपत्रकारांनीं कागदपत्रांच्या आधारें प्रसिद्ध केलें. अखेर गिरगांव चौपाटीवर एक घातकी जिवंत हातीं आला, तो तुकाराम ओंबळे या सहायक फौजदारानें स्वतःच्या देहानें त्याची बंदूक धरून ठेविली म्हणून. इशारे वरच्या दप्तरांत होते. मरणाची वेळ आली ती मात्र रस्त्यावरील फौजदारावर.

पुण्याच्या वाट्यास हाच अनुभव १३ फेब्रुवारी २०१० रोजीं आला. त्यापूर्वीं चार महिने, ऑक्टोबर २००९ मध्यें, शिकागो येथें डेव्हिड हेडली पकडला गेला होता. तो कोरेगांव पार्कची पाहणी करून गेल्याचें उघड झालें होतें. तेथील ज्यू प्रार्थनागृह व ओशो आश्रम यांस धोका असल्याची सूचना मिळून त्यांचा बंदोबस्त वाढलाही होता. बॉम्ब फुटला तो या दोहोंच्या शेजारच्या जर्मन बेकरींत, आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं. सूचना दोन इमारतींच्या नांवानें आली म्हणून पहारा दोन इमारतींपुरताच बसला. आजूबाजूच्या दुकानदारांस व खानावळवाल्यांस त्या सूचनेचा अर्थ समजावून सांगावा हें काम कोणाचें होतें? आमच्या समजुतीप्रमाणें, कोणाचेंच नव्हतें.

आणि जेथें वार्ता आहे व उत्साहही आहे, तेथें काय होतें याचें उदाहरण २०१२ चें आहे. १३ जुलै २०११ रोजीं मुंबईंत झालेल्या स्फोटांच्या तपासांत महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानें जानेवारी २०१२ मध्यें कांहीं जणांस अटक केली. त्यांपैकीं एक इसम मुख्य फरारी आरोपीचा माग काढण्यास आपणांस साहाय्य करीत होता, असें दिल्ली पोलिसांच्या गोटांतून सांगण्यांत आल्याचें त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलें. कोणाची बाजू खरी होती हें ठरविण्याचा अधिकार आम्हांकडे नाहीं. परंतु एकाच देशाचीं दोन पोलिसदळें एकाच माणसाच्या मागें, परस्परांस न कळवितां, लागलीं होतीं, एवढें तर त्या वादावरूनच सिद्ध होतें. सावज कोणीं मारलें हा तंटा चालला असतां सावज रान ओलांडून जातें, हा शिकाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

असें कां होतें? केवळ अधिकाऱ्यांच्या नांवानें बोटें मोडून या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं. आमच्या मतें याचीं कारणें चार आहेत.

पहिलें कारण इतिहासांतलें आहे. हिंदुस्थानांतील मध्यवर्ती गुप्तवार्ता विभागाचा पाया १८८७ मध्यें परकीय सरकारनें घातला. प्रजेचें रक्षण हा त्याचा हेतु नव्हता. प्रजेपासून राज्यकर्त्यांचें रक्षण हा होता. ज्या खात्यास प्रत्येक देशी माणूस संशयित वाटत असे, त्या खात्यास खालच्या देशी शिपायाला विश्वासांत घेण्याची गरज नव्हती. स्वराज्य आलें, खुर्चीवरील माणसें बदललीं, पण दप्तराची रीत तीच राहिली. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आजही लागू आहे. वार्ता वर चढते. खालीं उतरत नाहीं. ठाण्यांतील हवालदार पाहिलेलें वरिष्ठांस कळवितो, पण त्याच्या कळविण्याचें पुढें काय झालें हें त्यास कधींच कळत नाहीं. वर्षानुवर्षें विहिरींत दगड टाकून आवाज आला नाहीं, तर मनुष्य दगड टाकणेंच सोडून देतो.

दुसरें कारण अधिक सयुक्तिक आहे, व त्याचा आदर केला पाहिजे. वार्ता जितक्या हातांतून जाईल तितका ती फुटण्याचा संभव अधिक. ती फुटली तर आणणाऱ्या माणसाचा जीव जातो. परंतु या अडचणीवरचा उपाय आमच्या पूर्वजांस ठाऊक होता. कौटिल्यानें हेरांस परस्परांची ओळख असूं नये असें सांगितलें, आणि त्याबरोबरच तीन ठिकाणांहून आलेली वार्ता एकच निघाली तर तिच्यावर विश्वास ठेवावा असेंही सांगितलें. गोळा करणारे निरनिराळे, पण पडताळून पाहणारी जागा एक, हें त्यांतील मर्म आहे. शिवछत्रपतींच्या हेरखात्याची व बहिर्जी नाइकाची कीर्ति आपण अभिमानानें गातों. ती वार्ता नेमक्या वेळीं मोहिमेवरील माणसांपर्यंत पोंचत असे, यांतच तिचें सामर्थ्य होतें. माणसाचें नांव झांकून त्याचें म्हणणें पुढें पाठविणें अशक्य नाहीं. आम्ही मात्र उलट केलें: गोळा करणारे एकमेकांस ओळखतात, हेवाही करतात, आणि पडताळून पाहण्याच्या जागेवर कोणीच बसत नाहीं.

तिसरें कारण श्रेयाचें. बढती, पदक व वर्तमानपत्रांतील छायाचित्र हें ज्यानें आरोपी पकडला त्यास मिळतें. ज्यानें वेळेवर कळविलें त्यास कांहींच मिळत नाहीं. जें देऊन तोटा व ठेवून नफा, तें व्यापारी ठेवूनच घेणार, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. चौथें कारण याच्या अगदीं उलट दिसतें, पण त्याच मुळांतून निघालेलें आहे. घातपात झाल्यावर 'तुम्हीं कळविलें कां नाहीं?' असा ठपका येऊं नये म्हणून कित्येक इशारे केवळ हात झटकण्यासाठीं पाठविले जातात. 'सणासुदीस सावध राहावें', 'गर्दीच्या ठिकाणीं दक्षता घ्यावी', असे मोघम कागद ठाण्यांतून ठाण्यांत फिरतात. पाठविणारा मोकळा, घेणारा गोंधळलेला. शंभर मोघम इशाऱ्यांत एक नेमका इशारा बुडून जातो.

या रोगावर उपाय झालेच नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारगिलच्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम् समितीनें १९९९ मध्यें गुप्तवार्तेच्या व्यवस्थेंतील दोष दाखविले. मंत्रिगटाच्या शिफारशींवरून डिसेंबर २००१ मध्यें गुप्तवार्ता विभागांत 'मल्टी एजन्सी सेंटर' या नांवाचें बहुसंस्था केंद्र स्थापन झालें व राज्यांतून त्याच्या शाखा काढण्याचें ठरलें. सात वर्षें तें रखडत चाललें. मुंबईच्या हल्ल्यानंतर, ३१ डिसेंबर २००८ रोजीं, प्रत्येक खात्यानें या केंद्रास वार्ता दिलीच पाहिजे व केंद्रानेंही ती इतरांस दिलीच पाहिजे, असा हुकूम निघाला. त्याच महिन्यांत राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संमत झाला. पुढें पोलिस ठाणीं संगणकानें जोडण्याची योजना २००९ मध्यें मंजूर झाली; बँक, प्रवास, दूरध्वनि वगैरे दप्तरें जोडून पाहण्यासाठीं 'नॅटग्रिड' निघालें; आणि मे २०२५ मध्यें बहुसंस्था केंद्राच्या नव्या स्वरूपाचें उद्घाटन दिल्लींत झालें. यंत्रें आलीं, तारा जोडल्या गेल्या, हें मान्य आहे. परंतु कोथरूडची हकीकत यांतील बहुतेक उपायांच्या पुष्कळ नंतरची आहे, हें विसरतां येत नाहीं.

याच सुमारास एक मोठा घटनात्मक वादही होऊन गेला. अमेरिकेंत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वीं दोघे अपहरणकर्ते देशांत शिरल्याचें तेथील परदेशी हेरखात्यास ठाऊक असून अंतर्गत पोलिसखात्यास तें वेळेवर कळलें नव्हतें. तेथील चौकशी आयोगानें २००४ मध्यें हें उघड केलें, व कायद्यानें एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. त्याच धर्तीवर आपल्या केंद्र सरकारनें ३ फेब्रुवारी २०१२ रोजीं राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा हुकूम काढला. पण हें केंद्र गुप्तवार्ता विभागांत ठेवून त्याच्या अधिकाऱ्यांस झडतीचा व अटकेचा अधिकार दिला, आणि अनेक मुख्यमंत्र्यांनीं त्यास कडाडून विरोध केला. घटनेच्या सातव्या परिशिष्टांत 'पोलिस' व 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे विषय राज्यांच्या यादींत आहेत. मध्यवर्ती गुप्तवार्ता व अन्वेषण खातें संघाच्या यादींत आहे. हेराच्याच हातांत बेडी द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याही स्वातंत्र्यप्रिय राष्ट्रास महत्त्वाचा वाटला पाहिजे, आणि मुख्यमंत्र्यांचा तेवढा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. परंतु बेडी नको म्हणतां म्हणतां केंद्रही नको, असें जें झालें, तें रास्त नव्हतें. अटकेचा अधिकार वगळून, राज्यांस बरोबरीनें बसवून, कायद्यानें तें केंद्र काढतां आलें असतें. दोघांच्या भांडणांत प्रश्न होता तेथेंच राहिला.

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील, 'आतां हा वाद पुरे. सर्व खात्यांस सर्वांची सर्व माहिती द्या म्हणजे झालें.' वकिलीचा अनुभव गांठीं असल्यामुळें आम्हांस इतक्या सहजासहजीं ही गोष्ट मान्य करवत नाहीं. जसें खरें तसेंच खोटेंही वाटलें जातें. ८ सप्टेंबर २००६ रोजीं मालेगांवांत स्फोट झाले; राज्याच्या पथकानें नऊ मुसलमान तरुणांस पकडलें; त्यांतल्या बहुतेकांचीं जामिनापूर्वीं सुमारें पांच वर्षें तुरुंगांत गेलीं; पुढें राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास निराळ्याच दिशेस वळला आणि २०१६ मध्यें न्यायालयानें त्यांस आरोपमुक्त केलें. ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या रेल्वेस्फोटांत १८० हून अधिक लोक ठार झाले. त्या प्रकरणीं दहशतवादविरोधी पथकानें एका टोळीस आरोपी केलें, तर २००८ मध्यें मुंबईच्याच गुन्हे शाखेनें पकडलेल्या इसमाच्या कबुलीनें बोट निराळ्याच टोळीकडे दाखविलें. एकाच राज्याच्या पोलिसांत हा मतभेद! खालच्या न्यायालयानें २०१५ मध्यें दोषी ठरविलेल्या बाराही जणांस मुंबई उच्च न्यायालयानें २१ जुलै २०२५ रोजीं निर्दोष सोडलें. सर्वोच्च न्यायालयानें तीन दिवसांनीं तो निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. अंतिम निर्णय कांहींही होवो. एकोणीस वर्षांनींही मृतांच्या आप्तांस 'हें कोणीं केलें?' याचें उत्तर मिळालें नव्हतें, यापरतें राज्याचें अपयश कोणतें? न पडताळलेली वार्ता दहा दप्तरांत गेली म्हणजे ती दहापट खरी होत नाहीं. मात्र जो निरपराधी तिच्यांत सांपडतो त्यास दहा दारांवर फिरावें लागतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वार्ता देण्याचें कर्तव्य आणि दिलेल्या वार्तेची जबाबदारी हीं दोन्ही एकाच कायद्यांत बांधलीं पाहिजेत. आश्चर्य असें कीं, एवढ्या मोठ्या देशाचा गुप्तवार्ता विभाग व 'रॉ' हें परदेशी हेरखातें यांच्यासाठीं संसदेनें केलेला स्वतंत्र कायदाच नाहीं. २०११ मध्यें खासदार मनीष तिवारी यांनीं खासगी विधेयक आणून पाहिलें. त्याचा कायदा झाला नाहीं. ब्रिटनसारख्या राजसत्ताक देशांत १९९४ च्या कायद्यानें स्थापन झालेली संसदसदस्यांची समिती हेरखात्यांवर देखरेख ठेवते. अमेरिकेंत १९७६-७७ पासून दोन्ही सभागृहांच्या समित्या आहेत. त्यामुळें त्यांचीं हेरखातीं दुबळीं झालीं असें कोणी म्हणत नाहीं. आमच्याकडे मात्र लोकशाहींतील सर्वांत गुप्त सत्तेवर लोकप्रतिनिधींची नजरच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें दूरध्वनि चोरून ऐकण्यावर बंधनें घातलीं, व २०१७ मध्यें नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत सरकारी यंत्रणांस सूट देण्याची मुभा सरकारनें स्वतःकडेच राखून ठेविली.

या कायद्यांत आमच्या मतें पांच गोष्टी असाव्यात. एक, प्रत्येक नेमक्या इशाऱ्याची नोंद व्हावी, तो कोणी पाठविला, कोणास मिळाला, व त्यानें काय केलें हें त्या नोंदींत असावें. पोंच न देणाऱ्या व नुसता मोघम कागद पाठविणाऱ्या, दोघांसही जाब विचारला जावा. दोन, फरारी इसमांचीं छायाचित्रें व खुणा गस्तीवरील शिपायाच्या हातापर्यंत त्याला समजेल अशा मराठींत पोंचाव्यात, आणि त्यानें खालून पाठविलेल्या वार्तेचें उत्तर त्यास मिळावें. तीन, ज्यानें वेळेवर कळविलें त्याचें श्रेय पकडणाऱ्याच्या बरोबरीनें सेवापुस्तकांत लिहिलें जावें. चार, चुकीची ठरलेली वार्ता सर्व दप्तरांतून खोडली जावी, व जोडलेल्या दप्तरांत कोणीं, कोणाचें नांव, कां पाहिलें याची नोंद स्वतंत्र अधिकाऱ्यानें तपासावी; नाहीं तर घातपात्यांसाठीं विणलेल्या जाळ्यांत सरकारास न आवडणारा संपादक, वकील व पुढारी पहिल्यानें सांपडेल. पांच, प्रत्येक मोठ्या घटनेनंतर संसदीय समितीनें चौकशी करावी व जेवढें उघड करणें शक्य आहे तेवढें लोकांपुढें ठेवावें. यांतील एकाही गोष्टीनें गुपित फुटत नाहीं. फुटतो तो आळस.

आतां दोन शब्द आमच्या वाचकांस. कारेगांवांत, शिरुरांत किंवा दौंडांत खोल्या भाड्यानें देणारे, मजूर पुरविणारे, सिमकार्डें व जुनीं वाहनें विकणारे आपलेच लोक आहेत. वार्तेची साखळी दिल्लींत सुरू होत नाहीं. ती आपल्या ओसरीवर सुरू होते. भाडेकरूचीं कागदपत्रें न पाहतां केवळ आगाऊ रकमेकडे पाहणारा मालक आणि नांवनिशी न लिहितां माणसें कामावर नेणारा ठेकेदार यांनीं सरकारी खात्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या वहीकडे पाहावें. १९६७ च्या ग्रामपोलिस कायद्यानें गांवांतील शांततेसंबंधीची वार्ता ठाण्यास कळविण्याचें काम पोलिस पाटलाकडे दिलें आहे. दोन-चारशें उंबऱ्यांच्या गांवासाठीं केलेली ही योजना हजारों परक्या मजुरांच्या वस्तीस पुरी पडत नाहीं, हें उघड आहे. ग्रामपंचायत, कारखानदार व ठाणें यांनीं मिळून एक नोंदवही ठेवणें हें फार अवघड काम नाहीं.

परंतु सरकारासही आमचा उलट प्रश्न आहे. आमच्या एका अशिलानें भाडेकरूची माहिती कायद्याप्रमाणें ठाण्यांत नेऊन दिली. वर्षभरानें कांहीं कामासाठीं त्यानें त्या कागदाची चौकशी केली, तेव्हां तो एका गठ्ठ्यांत बांधलेला निघाला. कोणी उघडूनही पाहिला नव्हता. नागरिकानें दिलेल्या वार्तेची ही किंमत असेल तर पुढच्या वेळीं तो कशासाठीं पायपीट करील? आणखीही एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. सावधपणाच्या नांवाखालीं बंगाली बोलणारा प्रत्येक मजूर बांगलादेशी व प्रत्येक मुसलमान घातकी, असा हिशेब कोणी मांडूं नये. पश्चिम बंगालचा मजूर हा आपल्याइतकाच या देशाचा नागरिक आहे. ज्या वस्तीस आपण भय दाखवूं त्या वस्तींतून आपणांस वार्ता येणार नाहीं. घातक्यास मात्र तेथें आसरा मिळेल. नियम सर्वांस सारखा लावावा: कागद सर्वांचे पाहावेत आणि मान सर्वांचा राखावा.

दिल्लीच्या केंद्रांत कितीही मोठा संगणक बसविला तरी कारेगांवच्या चाळींतील मालकाचा कागद ठाण्याच्या गठ्ठ्यांत पडून राहील तोंवर त्या संगणकास कांहीं दिसणार नाहीं. संसदेपुढें अशा कायद्याचा प्रश्न आणणें हें खासदारांचें काम आहे. त्यांस तें करावयास लावणें हें मतदारांचें. शिरूर व बारामती या दोन्ही मतदारसंघांतील आमच्या वाचकांनीं आपल्या प्रतिनिधींस पत्र लिहून एवढेंच विचारावें: 'आलेली वार्ता दाबून ठेवणाऱ्या किंवा न वाचणाऱ्या अधिकाऱ्यास आजवर कोणत्या कायद्यानें, काय शिक्षा झाली?' याचें उत्तर मागत राहणें हेंच मेलेल्या निरपराध माणसांचें ऋण फेडण्याचा मार्ग आहे, असें आम्हांस वाटतें.